हात टेकवायला जागा

वाचकहो, आपल्या घरी पाहुणे आले की चहाचा ट्रे कोण आणते, याकडे आपण कधी लक्ष दिले आहे का? आमच्या घरी तो मान पूर्वी माझ्याकडे होता. सौभाग्यवती चहा करीत आणि मी तो बाहेर नेऊन देई. गेली सात-आठ वर्षे मी ट्रे उचलत नाही. कोणी आले की मी आधीच खुर्चीत बसून घेतो आणि हात मांडीवर ठेवतो. कपबशी समोर आली तर ती तिथेच राहू देतो आणि गप्पांत बशीवरचा चहा निवून जातो. पाहुण्यांना वाटते, सरांना चहा आवडेनासा झाला आहे. खरे कारण असे की कप उचलला की माझा उजवा हात थरथरू लागतो आणि कप बशीवर वाजू लागतो. त्या आवाजाची मला लाज वाटत असे.

मी कोल्हापुरातल्या एका शाळेत बत्तीस वर्षे भूगोल शिकवला. माझ्या विद्यार्थ्यांना माझे बाकी काही आठवत नसले तरी एक गोष्ट आठवते. मी फळ्यावर कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा हात न उचलता काढीत असे. शाहूवाडीपासून सुरुवात करायची, वारणेच्या काठाकाठाने पूर्वेला उतरायचे, शिरोळला वळसा घालायचा, खाली चंदगडच्या शेपटापर्यंत जायचे आणि सह्याद्रीच्या माथ्यावरून परत वर यायचे. खडू फळ्याला लागल्यापासून सुटेपर्यंत एक मिनिटही लागत नसे. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ती रेघ हलू लागली. प्रथम मला वाटले, फळा खडबडीत झाला आहे. मग एके दिवशी मागच्या बाकावरून हसू ऐकू आले. दुसऱ्या दिवसापासून मी कपाटातला गुंडाळीचा नकाशा भिंतीवर टांगू लागलो. शेवटची पाच वर्षे मी फळ्यावर एकही नकाशा काढला नाही आणि का काढत नाही, हे कोणाला सांगितलेही नाही.

न सांगण्याला एक जुने कारण होते. माझे वडील गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. अक्षर मोत्यासारखे, कीर्दखतावणीत एक खाडाखोड नसे. पन्नाशी उलटल्यावर त्यांचेही हात कापू लागले. वडील माळकरी होते, त्यांनी आयुष्यात सुपारीचे खांड तोंडात टाकले नाही. तरीही पेठेत कुजबुज सुरू झाली, ‘दिवाणजी घेतात वाटतं.’ ती कुजबुज त्यांच्या कानी गेली होती, हे मला पुष्कळ उशिरा कळले. त्यांनी खुलासा केला नाही. केला असता तरी कोणी मानला नसता. शेवटी शेवटी ते लोकांसमोर पाणीसुद्धा पीत नसत.

मी डॉक्टरांकडे गेलो तो हाताची काळजी वाटली म्हणून नव्हे. निवृत्तीनंतर एका बँकेत माझी सही जुन्या सहीशी जुळेना. तीन वेळा कागद परत आला. चौथ्या वेळी खिडकीपलीकडच्या मुलाने अत्यंत सौजन्याने विचारले, ‘काका, अंगठा चालेल का?’ आयुष्यभर मुलांना अक्षर गिरवायला लावणाऱ्या माणसाला हा प्रश्न कसा लागला असेल, हे आपण समजू शकता. मुलाचा त्यात दोष नव्हता. त्या संध्याकाळी मी मुलीला फोन केला आणि पुढच्या आठवड्यात आम्ही मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो.

त्यांनी तपासणी बराच वेळ केली. हात मांडीवर सैल ठेवायला सांगितले, मग समोर ताणून धरायला लावले, मग स्वतःच्या नाकाला आणि त्यांच्या बोटाला आळीपाळीने स्पर्श करायला लावला. शेवटी एक कोरा कागद पुढे करून मध्यापासून बाहेर उलगडत जाणारी गोगलगाईसारखी वर्तुळाकार रेघ काढायला सांगितली. मनगट कागदाला टेकवायचे नाही, अशी अट होती. मी काढलेली रेघ पाहून मलाच वाईट वाटले. करवतीच्या दात्यांसारखी ती वरखाली झाली होती.

निदान ऐकून मात्र मन हलके झाले. हा कंपवात म्हणजे पार्किन्सनचा आजार नव्हता. पार्किन्सनमध्ये हात बहुधा स्वस्थ असताना कापतो आणि काम करू लागला की कंप कमी होतो. त्यासोबत हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात. माझे उलट होते. मांडीवर ठेवलेला हात शांत असे आणि कप, पेन, खडू उचलला की कापू लागे. याला वैद्यकात ‘इसेन्शियल ट्रेमर’ म्हणतात. तो पुष्कळ घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. डॉक्टरांनी विचारले, ‘घरात आणखी कोणाला?’ मी वडिलांचे सांगितले. ते म्हणाले, ‘मग हा त्यांच्याकडून आला.’ चाळीस वर्षांनी माझ्या वडिलांची त्या आरोपातून सुटका झाली, आणि ती ऐकायला ते नव्हते.

औषधाबद्दल थोडे सांगतो, कारण या पाक्षिकाचे वाचक तेही विचारतील. थायरॉईडची तपासणी आधी झाली, कारण ती ग्रंथी अधिक काम करू लागली तरी हात कापतात. दम्याची काही औषधे, अतिरिक्त चहा-कॉफी, अपुरी झोप आणि मनावरचा ताण यांनीही कंप वाढतो. मला प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी लहान मात्रेत सुरू झाली. ती दमा असणाऱ्यांना चालत नाही, म्हणून शेजाऱ्याची गोळी पाहून आपण ती घेऊ नये. तिने माझा कंप बराच कमी झाला, गेला नाही. जाणार नाही, हेही डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले. मग ते जे म्हणाले ते मला गोळीपेक्षा अधिक उपयोगी पडले. ‘सर, हात लपवू नका. आधार नसलेला हात जास्त कापतो. कोपर टेकवा, मनगट टेकवा आणि रोज काहीतरी करा.’

काय करायचे, हे मात्र सुचत नव्हते. ते सुचले नातीमुळे. ती पुण्याला असते, तेव्हा सहा वर्षांची होती. तिला वाढदिवसाला लाकडी कोडे द्यावे असे मनात आले. तुकडे जोडून चित्र पूर्ण करायचे, तसले कोडे. त्यातही जिल्ह्याच्या नकाशाचे. आता हा माझा मास्तरकीचा रोग. पण या कल्पनेला फार थोर परंपरा आहे. लंडनमधल्या जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने 1760 च्या दशकात लाकडी फळीवर नकाशा चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून करवत फिरवून त्याचे तुकडे केले. मुलांना भूगोल शिकवण्यासाठी तयार झालेली ही वस्तू जगातल्या अशा कोड्यांची मूळ आई मानली जाते. म्हणजे कोडे आधी आमच्या विषयाचे, करमणुकीचे नंतर.

शिवाजी उद्यमनगरात एक निवृत्त पॅटर्नमेकर राहतात, असे एका माजी विद्यार्थ्याने सांगितले. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. कोल्हापुरात लोखंडी ओतकामाचा मोठा धंदा आहे. ओतीव लोखंडाचा प्रत्येक भाग ओतण्यापूर्वी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून साचा बनतो आणि त्या पोकळीत वितळलेले लोखंड ओततात. हा नमुना करणारा तो पॅटर्नमेकर. लोखंड थंड होताना साधारण शंभरात एक भागाने आकसते, म्हणून त्याची मोजपट्टीच मुळात तेवढी मोठी असते. त्या पट्टीवरचा एक फूट आपल्या फुटापेक्षा किंचित लांब. मेस्त्रींनी मला ती पट्टी दाखवली तेव्हा मला गंमत वाटली. आकसणार हे ठाऊक आहे, तर आधीच मोठे करून ठेवा. इतका समंजस हिशेब मी इतरत्र पाहिलेला नाही.

मेस्त्री तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. मी कागदावर नकाशा काढून नेला होता. तो पुढे करताना कागद फडफडू लागला. त्यांनी कागद घेतला, माझ्या हाताकडे पाहिले, आणि म्हणाले, ‘सर, हात टेका की बाकावर.’ बस्स, एवढेच. काय झाले, कधीपासून, असे काही विचारले नाही. मी हात टेकवला. कंप कमी झाला. मग ते म्हणाले, ‘मी करून देत न्हाई. तुम्ही करा. मी शिकवतो.’ मी हसलो. करवत धरायची, तीही या हाताने! त्यांनी कोपऱ्यातल्या यंत्रावरचे फडके काढले.

ते यंत्र म्हणजे स्क्रोल सॉ. आपल्यापैकी ज्यांनी शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला फ्रेट सॉ वापरली असेल, त्यांना ते लगेच ओळखू येईल. इंग्रजी यू अक्षरासारखी लोखंडी कमान, तिच्यात ताणून बसवलेले धाग्याएवढे बारीक पाते, आणि खाली फळीवर धरलेले प्लायवूड. सराफ जाळीकामासाठी जी करवत वापरतात, तीही याच कुळातली. कोल्हापूरच्या गुजरीत किंवा हुपरीच्या चांदीकामात तिची धाकटी बहीण आपल्याला भेटेल. पात्यांना क्रमांक देण्याची पद्धतही दोघींची सारखीच. हातकरवतीत कमान वरखाली आपण करायची असते. माझ्या अडचणीचे मूळ नेमके तिथेच होते, कारण अधांतरी हलणारा हात हाच माझा शत्रू. स्क्रोल सॉमध्ये ते काम विजेची मोटर करते. पाते एका जागी उभे राहून वरखाली नाचते, मिनिटाला चारशेपासून सोळाशे वेळा, आपण ठेवू त्या वेगाने. आपले दोन्ही हात सबंध वेळ टेबलावर टेकलेले. आपण फक्त लाकूड सरकवायचे आणि वळवायचे. डॉक्टरांनी सांगितलेला आधार इथे आयताच मिळाला होता.

तरीही मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून परवानगी विचारली आणि आपणही विचारावी, असे मी आग्रहाने सांगेन. त्यांनी कंपाची तीव्रता पाहून होकार दिला. ज्यांना फिट येतात, चक्कर येते, झोप आणणाऱ्या गोळ्या चालू आहेत किंवा बोटांना संवेदना कमी आहे, त्यांच्याबाबत उत्तर निराळे असू शकते. विजेच्या करवतींमध्ये ही त्यातल्या त्यात सौम्य, कारण गोल फिरणाऱ्या पात्यासारखी ती लाकूड उसळवून अंगावर फेकत नाही. पण करवत ती करवत. तिला लाकूड आणि बोट यांतला फरक कळत नाही.

पहिले तीन दिवस मी काही कापलेच नाही. पाते बसवायचे आणि काढायचे, एवढेच. प्लग आधी भिंतीतून काढायचा. पात्याचे दाते समोर आणि खाली रोखलेले हवेत. उलटे बसले तर लाकूड प्रत्येक वेळी वर उचलले जाऊन थडथडते. दाते इतके बारीक की माझ्या चष्म्याला दिसत नाहीत. मेस्त्रींनी युक्ती सांगितली: बोट हलकेच खालून वर फिरवा, ज्या बाजूने अडेल ती बाजू बरोबर. मग ताण. पाते सैल असेल तर वळणावर वाकते, फार ताणले तर तुटते. योग्य ताण कसा ओळखायचा, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा त्यांनी चांगले सांगितले. पाते बोटाने छेडायचे. सैल असेल तर बद्द वाजते, नीट असेल तर तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वच्छ स्वर निघतो. मी चौथ्या दिवसापर्यंत बद्दच ऐकत होतो. पाचव्या दिवशी तार लागली.

मग सरळ रेघ. आपल्याला वाटेल, सरळ रेघ सोपी. ती सर्वांत कठीण. मी लाकूड समोरून सरळ दिले, तर काप उजवीकडे पळत गेला. मला वाटले, हा माझ्या हाताचाच दोष. मी ओशाळून थांबलो. मेस्त्री म्हणाले, ‘तुमचं काय चुकलं न्हाई. पात्याचंच चुकतंय.’ पाते तयार होताना त्याच्या एका बाजूला सूक्ष्म कंगोरा राहतो आणि ती बाजू जास्त कापते. म्हणून लाकूड किंचित तिरके धरून द्यावे लागते. प्रत्येक पात्याचा हा कल थोडा निराळा आणि तो दोन इंच कापून ओळखायचा. त्या दिवशी घरी जाताना मी मनात घोळवत होतो की आयुष्यात प्रथमच माझी रेघ वाकडी आली आणि दोष माझ्या हाताचा नव्हता.

माझा खरा दोष दुसराच निघाला. मी लाकूड रेटत होतो. हात कापू नये म्हणून मी सगळे स्नायू आवळून धरीत असे, खांदे कानाला लागत, दात दाताला लागत. ही सवय मला दहा वर्षे जडली होती. पेन धरतानाही मी तेच करीत असे. रेटल्यावर पाते मागे वाकते, काप तिरका होतो आणि मग पाते तुटते. पहिल्या आठवड्यात मी अकरा पाती तोडली. तुटताना टकदिशी असा आवाज होतो की काळीज हलते. बाराव्याला मेस्त्री जवळ येऊन म्हणाले, ‘रेटू नगासा, सर. कापायचं काम करवत करतीया. तुम्ही तिला फक्त वाट दाखवायची.’ आणि खांद्यावर हात ठेवून त्यांनी माझे खांदे खाली दाबले. श्वास सोडा, म्हणाले. मी सोडला. पुढची दहा मिनिटे मी काही रेटले नाही. भुसा बारीक पिठासारखा पडू लागला आणि यंत्राचा आवाज एकसुरी झाला. मी हाताचा कंप विसरलो होतो, हे मला यंत्र बंद केल्यावर लक्षात आले.

पुढच्या गोष्टी भराभर आल्या. रेखाटन कागदावर काढून ते लाकडावर चिकटवायचे. वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली की लाकूड करपत नाही आणि पाते जास्त टिकते. टोकदार कोपऱ्यावर एकदम वळायचे नाही, तर टाकाऊ बाजूला छोटा वळसा घेऊन परत रेघेवर यायचे. जाळीच्या आतली पोकळी कापायची असेल तर आधी ड्रिलने भोक पाडायचे, पाते एका टोकाला सोडवून त्या भोकातून ओवायचे आणि पुन्हा ताणायचे. सुईत दोरा ओवणे मला जमेनासे झाले होते. पाते ओवणे जमले, कारण पाते कडक असते आणि हात टेबलावर असतो.

कोल्हापुरात असली कामे करणाऱ्यांना लोक आदराने मेस्त्री म्हणतात. बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्रीच. या माणसाने परदेशी कॅमेरा परवडत नव्हता म्हणून स्वतःच्या हाताने कॅमेरा तयार केला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आणला. आमचे मेस्त्री त्यांचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. विषयांतर झाले, पण या गावात हातांनी काही करणाऱ्याला कमी लेखत नाहीत, हे मला पुस्तकी माणसाला इतक्या उशिरा जाणवले, म्हणून लिहिले.

आता धुळीविषयी. इथे मी वाचकांना थांबवू इच्छितो, कारण छंदाच्या आनंदात हे सहज निसटते. लाकडाची बारीक धूळ निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली ती माणसांत कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातली; धोका मुख्यतः नाकाच्या पोकळीला आणि तो वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्यांना. आपण आठवड्यातून चार तास कापणारे, आपला धोका पुष्कळ कमी. पण दमा, सर्दी, त्वचेची खाज यांना चार तासही पुरतात. एमडीएफ नावाची दाबलेली फळी स्वस्त आणि कापायला मऊ असते, परंतु तिच्यातल्या डिंकात फॉर्माल्डिहाइड असते आणि धूळ अतिशय बारीक. मी ती बंद खोलीत कापत नाही. एन-95 मुखपट्टी, डोळ्यांवर बाजू झाकणारा चष्मा, जवळ हवा खेचणारा पंखा किंवा धूळ ओढणारे यंत्र आणि काम संपल्यावर झाडूऐवजी ओले फडके, एवढे तरी करावे. झाडूने धूळ पुन्हा नाकापर्यंत येते. अंगठी काढावी, बाह्या दुमडाव्यात, स्त्रियांनी ओढणी-पदर खोचून केस बांधावेत. बोटे पात्याच्या समोरच्या रेषेत कधीही ठेवू नयेत, बाजूला ठेवावीत. यंत्राची कंपने दीर्घकाळ घेतली तर बोटे बधिर होतात आणि मान वाकवून बसल्याने मणके तक्रार करतात. म्हणून मी वीस मिनिटांनी उठतो, अंगणात दोन फेऱ्या मारतो. खुर्ची इतकी उंच ठेवतो की कोपरे टेबलाच्या पातळीत यावीत. मधल्या काळात मेस्त्रीण बाई चहा आणतात. मी तो टेबलावर कोपरे टेकवून, दोन्ही हातांनी कप धरून पितो. बशी वाजते कधी कधी. मेस्त्री पलीकडे मोठ्याने बोलत असतात, त्यांना थोडे कमी ऐकू येते. ओतकामाच्या कारखान्यातली वर्षे. कानात बोळे घालण्याचा आग्रह ते मला म्हणूनच करतात.

तिसऱ्या महिन्यात नकाशाला हात घातला. सहा मिलिमीटर जाडीचे प्लायवूड, तीन क्रमांकाचे पाते. करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, हातकणंगले, शिरोळ, कागल, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, गडहिंग्लज आणि चंदगड. बारा तालुके म्हणजे बारा तुकडे. चौकट अखंड राहावी म्हणून चंदगडच्या दक्षिण टोकाला भोक पाडून पाते तिथून ओवले आणि जिल्ह्याची बाहेरची सीमा आधी कापली. फळ्यावर मी शाहूवाडीपासून सुरुवात करीत असे, इथे चंदगडपासून. सह्याद्रीच्या माथ्यावर वळणे फार. तिथे वेग कमी केला. शाहूवाडी ओलांडून वारणेवर आलो तेव्हा हात थकला होता आणि रेघ हलली. मी थांबलो. मेस्त्रींना दाखवली. त्यांनी तुकडा उजेडात धरला आणि विचारले, ‘हितं काय हाय?’ मी म्हटले, नदी. ‘मग बरोबर हाय की,’ म्हणाले आणि आपल्या कामाला गेले.

आतले तालुके कापताना दोन वेळा फळी वाया गेली. एकदा गगनबावड्याचा चिमुकला तुकडा पात्याने खालच्या फटीत ओढला आणि त्याचा कोपरा उडाला. दुसऱ्यांदा मी घाईत पात्याचा ताण न तपासता सुरुवात केली आणि करवीरची बाजू तिरकी कापली गेली. तुकडा वरून बसे, खालून बसेना. तिसरी फळी पूर्ण व्हायला पाच आठवडे लागले. कडा काचकागदाने घासल्या, मुलांच्या हाती जाणार म्हणून विषारी नसलेला पाण्यातला रंग दिला. नातीने तो नकाशा पहिल्यांदा उलटा लावला. चंदगड वर, शाहूवाडी खाली. तिच्या आईने सुधारू नये म्हणून मी डोळ्यांनी दटावले. दहा मिनिटांनी तिने स्वतःच फिरवला. मग म्हणाली, ‘आजोबा, ही रेघ अशी का नागमोडी?’ मी तिला वारणा सांगितली. पुढच्या सुट्टीत तिला ती नदी दाखवायचे ठरले आणि आम्ही दाखवलीही.

माझा कंप आहे तसाच आहे. सकाळी गोळी घेतो. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी पुन्हा ती गोगलगाईची रेघ काढायला लावली. पहिल्या कागदाशेजारी ठेवून पाहिली, तर फारसा फरक नव्हता. थोडा होता, तो गोळीचा असावा, असे ते म्हणाले आणि मला ते पटते. मात्र बँकेतल्या त्या खिडकीवर मी आता आधीच सांगतो, ‘माझे हात कापतात, नवीन सहीचा नमुना घ्या आणि मला टेकवायला जागा द्या.’ ते देतात. कोणी इतकी वर्षे नाकारली नव्हती. मीच मागितली नव्हती.

सध्या टेबलावर एक वेगळे काम आहे. घराच्या दारावर नावाची पाटी नव्हती. माळ्यावरच्या पेटीत वडिलांच्या अडतीची एक जुनी वही सापडली. शेवटच्या वर्षातली. तिच्यात त्यांची सही आहे, प्रत्येक काना थरथरलेला, प्रत्येक वेलांटी दातेरी. ती सही मोठी करून मी आंब्याच्या फळीवर चिकटवली आहे. मेस्त्री म्हणाले, ‘सर, रेघ जरा सरळ करून घेऊ, सुबक दिसंल.’ मी नको म्हणालो. त्यांनी वहीकडे पाहिले, माझ्या हाताकडे पाहिले आणि एक क्रमांकाचे पाते काढून दिले, बारीक वळणांना तेच लागते. निम्मी अक्षरे कापून झाली आहेत. वेलांटीच्या आतली पोकळी राहिली आहे. तिथे भोक पाडायचे आहे आणि त्यासाठी लागणारे बारीक ड्रिल गुरुवारी मिळेल, असे दुकानदार म्हणाला आहे.